५०० रुपयांत काय येतं?

साशंक : स्वस्त क्लाउड होस्टिंगच्या ग्राहकांशी बोललं की दोनच सूर ऐकू येतात. एक जण सांगतो, चार वर्षं झाली, सर्व्हर एकदाही बंद पडला नाही, महिन्याला ५०० रुपयांत याहून अधिक काय हवं? दुसरा सांगतो, एका रात्रीत सगळं गेलं, तिकीट टाकलं तर तीन दिवसांनी उत्तर आलं, तेही सगळ्यांना पाठवतात तसलं छापील. मधलं बोलणारा फार क्वचित भेटतो. कंपनी तीच, दर तोच, मालही तोच. मग अनुभवांत एवढं अंतर का पडावं? तुम्ही भेटेल त्याला हे होस्टिंग घ्यायला सांगता, म्हणून तुम्हालाच विचारतो.

समर्थक : पहिल्या माणसाच्या वाट्याला ती रात्र अजून आलेली नाही, एवढाच फरक असू शकतो. हे मी आधीच मान्य करतो. तरी त्याच्या समाधानाला काही किंमत नाही असं समजू नका. आमच्या तालुक्याच्या ग्रंथालयात १४ हजार पुस्तकं आहेत. दोन निवृत्त शिक्षकांनी तीन उन्हाळे बसून त्यांची सूची संगणकावर टाइप केली. ती वाचकांना घरबसल्या फोनवर दिसावी म्हणून मी जिल्ह्याच्या गावी चौकशी केली. तिथल्या दुकानदाराने वर्षाचा जो आकडा सांगितला, तो आमच्या वर्षभराच्या पुस्तकखरेदीएवढा होता. म्हणजे सूची दाखवायची तर नवी पुस्तकं घ्यायची नाहीत. महिना ५०० रुपयांच्या सर्व्हरने आम्हाला त्यातून सोडवलं.

आणि हा दर काही फसवाफसवीतून आलेला नाही. एक मोठं यंत्र घ्यायचं, केव्हीएमसारख्या सॉफ्टवेअरने त्याचे अनेक भाग पाडायचे आणि प्रत्येक भाग स्वतंत्र संगणक म्हणून भाड्याने द्यायचा. लिनोड २००३ पासून हेच करत होती. २००६ मध्ये अॅमेझॉनने ईसी२ आणलं आणि भाडं तासावर मोजायला सुरुवात केली. पुढच्या दशकात डिजिटलओशनने महिना ५ डॉलरला एसएसडीचा सर्व्हर दिला आणि कॉलेजातल्या पोरांनासुद्धा स्वतःचा सर्व्हर परवडू लागला. जर्मनीतली हेट्झनर तर युरोपातल्या काही युरोंच्या साध्या सर्व्हरबरोबर महिन्याला २० टीबी डेटा पाठवायची मुभा देते. तेवढाच डेटा अॅमेझॉनच्या अमेरिकेतल्या केंद्रातून बाहेर पाठवायचा झाला, तर पहिले १०० जीबी मोफत आणि पुढे जीबीमागे सुमारे ९ सेंट लागतात. २० टीबीचे जवळपास १८०० डॉलर होतात. हा फरक निव्वळ दर्जाचा आहे असं कुणी म्हणालं तर मला ते पटत नाही. मोठ्या नावाचे आणि सोयीचेही पैसे त्यात आहेत.

साशंक : भाग पाडायचे म्हणालात, पण भाग किती पाडायचे हे कोण ठरवतं? चाळीतल्या नळासारखं आहे ते. सगळी बिऱ्हाडं एकाच वेळी बादली लावणार नाहीत, या भरवशावर नळ चालतो. दर जितका खाली, तितकी बिऱ्हाडं जास्त. कागदावर दोन कोअर लिहिलेले असतात, पण शेजारच्या भाडेकरूने रात्रभर व्हिडिओचं काम लावलं की तुमचे दोन कोअर अर्धे होतात. लिनक्सवर टॉप ही आज्ञा दिली की एसटी असा एक आकडा दिसतो. तुमच्या वाट्याचा किती वेळ यंत्राने दुसऱ्यांना दिला, ते तो सांगतो. पाच ग्राहकांतल्या एकालाही तो आकडा बघायचा असतो हे ठाऊक नसतं. ‘आज साइट जड चाललीय’ एवढंच त्याला कळतं.

आणि हे झालं चालू दुकानाचं. डिसेंबर २०१९ मध्ये स्वस्त सर्व्हर देणाऱ्या किमान २० छोट्या कंपन्यांनी एकदम, जवळपास एकाच मजकुराची नोटीस काढली : दुकान बंद करतोय, दोन दिवसांत आपापला डेटा काढून घ्या. वेगवेगळ्या नावांमागे मालक एकच असावा, असा संशय ग्राहकांना त्यानंतर आला. ज्यांनी वर्षाचे पैसे आगाऊ भरले होते त्यांचं काय झालं असेल? त्याही आधी, जून २००९ मध्ये ब्रिटनमधल्या व्हीएसर्व्हवर हल्ला झाला, तेव्हा एक लाखाच्या घरात संकेतस्थळं पुसली गेली. त्यांतल्या बऱ्याच ग्राहकांनी सर्वांत स्वस्त योजना घेतली होती आणि तीत बॅकअप नव्हताच. अटींत तसं लिहिलेलं होतं.

समर्थक : असली दुकानं सोडूनच द्या. वर्षानुवर्षं स्वतःचं डेटा सेंटर चालवणारा आणि दुसऱ्याची जागा घेऊन नाव लावणारा, हे दोघं एका मापाने मोजू नका. ग्राहकाने एवढं तरी बघायलाच हवं. पण महाग घेतलं म्हणजे सुटलो, हेही खरं नाही. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीची गूगल क्लाउडवरची खासगी यंत्रणा नाहीशी झाली. यंत्रणा उभी करताना एक रकाना रिकामा राहिला होता, म्हणून तिला एका वर्षाची मुदत लागली आणि वर्ष भरताच ती आपोआप पुसली गेली. सहा लाखांहून अधिक सभासदांना साधारण आठवडाभर आपलं खातं बघता येईना. निधी पुन्हा उभा राहिला, त्यात दुसऱ्या पुरवठादाराकडे ठेवलेल्या प्रतींचा मोठा वाटा होता. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियातल्या देजॉन इथल्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली. सरकारी कर्मचारी आपल्या फायली ज्या ठिकाणी ठेवत, ती ८५८ टीबीची साठवण त्यात गेली आणि तिची दुसरी प्रत कुठेही नव्हती. एका देशाचं सरकार होतं ते. त्यांच्याकडे पैसे नव्हते असं कोण म्हणेल?

म्हणून माझा हिशेब सरळ आहे. एका महाग सर्व्हरच्या पैशांत मी दोन कंपन्यांकडे, दोन देशांत, दोन स्वस्त सर्व्हर घेतो. एक बुडाली तरी दुसरी राहते.

साशंक : घेता का पण? तुम्ही घेत असाल. मी सर्वसाधारण ग्राहकाबद्दल विचारतोय. १० मार्च २०२१ ला मध्यरात्रीनंतर स्ट्रासबर्गमध्ये ओव्हीएचचं पाच मजली डेटा सेंटर जळालं. ओव्हीएच ही काही कालची कंपनी नव्हती, १९९९ पासूनची. स्वस्त आणि मस्त म्हणून युरोपभर तिचं नाव. त्या दिवशी दोन तऱ्हेचे ग्राहक बुडाले. काहींनी बॅकअप घेतलाच नव्हता. काहींनी मात्र त्यासाठी वेगळे पैसे मोजले होते, आणि त्यांच्या प्रती मूळ सर्व्हर होता त्याच ठिकाणी ठेवल्या होत्या. अशा एका ग्राहकाला भरपाई द्या, असा निकाल लील इथल्या व्यापारी न्यायालयाने २०२३ मध्ये दिला. आता त्या ग्राहकाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. त्याने हलगर्जी केली नव्हती, पैसे वाचवले नव्हते. बॅकअप म्हणजे दुसऱ्या ठिकाणची प्रत, हा त्या शब्दाचा साधा अर्थ त्याने धरला होता. विकणाऱ्याने तो धरला नव्हता.

समर्थक : यावर मला एक सांगावंच लागेल, कारण ते लपवून तुमच्याशी वाद घालणं बरोबर नाही. आमच्या सूचीचा बॅकअप रोज रात्री २ वाजता व्हायचा. दुसऱ्या सर्व्हरवर रोज एक नवी फाइल, नावात तारीख. मी अधूनमधून यादी बघायचो. फाइल आलेली दिसली की निश्चिंत. एकदा सहज आकारमानाच्या रकान्याकडे लक्ष गेलं. प्रत्येक फाइल २० बाइटची. डेटाबेसचा पासवर्ड मी कधीतरी बदलला होता, बॅकअपच्या आज्ञेत जुनाच राहिला होता. रोज रात्री डेटाबेस नकार देत होता आणि जीझिप इमानेइतबारे शून्य मजकुराची गाठोडी बांधत होतं. शून्य बांधलं की २० बाइटची फाइल होते. १४ महिने हे चाललं होतं. त्या १४ महिन्यांत मूळ सर्व्हर गेला असता तर त्या शिक्षकांचे तीन उन्हाळे गेले असते. ज्यांच्याकडून सर्व्हर घेतला त्यांची यात तसूभरही चूक नाही. बॅकअप परत चढवून बघेपर्यंत तो बॅकअप नसतो, हे मी वाचलेलं होतं. केलेलं नव्हतं.

साशंक : हे सांगितलंत म्हणून माझंही सांगतो. कोल्हापूरकडच्या एका गावातल्या दूध संस्थेचं काम मी काही काळ बघितलं. सकाळ-संध्याकाळ दूध घालायला येणारे सव्वातीनशे उत्पादक. लिटर, फॅट, एसएनएफ, दर, सगळं थेट सर्व्हरवर नोंदलं जायचं आणि दर दहा दिवसांनी बिल निघायचं. गावातल्याच एका हुशार मुलाने ते बसवलं होतं, एका परदेशी स्वस्त कंपनीच्या सर्व्हरवर. उत्तम चालायचं. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे नवे नियम आले आणि कार्डावरून आपोआप जाणारे पैसे, विशेषतः परदेशी कंपन्यांचे, अडकू लागले. संस्थेचं बिलही अडकलं. कंपनीने ईमेल पाठवले, एकदा नव्हे, चार वेळा. ते त्या मुलाच्या कॉलेजातल्या पत्त्यावर गेले. तो तोवर नोकरीसाठी पुण्याला गेला होता आणि तो पत्ता बघत नव्हता. सर्व्हर आधी थांबवला गेला, मग मुदत संपल्यावर पुसला गेला.

त्या दहा दिवसांची नोंद आम्ही कशी उभी केली माहीत आहे? उत्पादकांनी घरून पावत्या आणल्या. दूध घातल्यावर यंत्रातून निघते ती थर्मल कागदाची छोटी चिठ्ठी. काहींनी देवघरात, काहींनी डब्यात ठेवलेल्या. पण बऱ्याच जणांनी त्या सदऱ्याच्या खिशात ठेवल्या होत्या आणि घामाने, उन्हाने अक्षरं उडाली होती. कोऱ्या पट्ट्या पुढे करून बायामाणसं सांगत होती, सकाळी सहा लिटर होतं, फॅट चार-दोन लागली होती. संस्थेने बहुतेकांचं मानलं. पण ज्यांचं पुरतं मानलं गेलं नाही, ते पैसे त्यांच्या हातून गेले. या लोकांनी कुठलंच होस्टिंग निवडलं नव्हतं. स्वस्त काय, महाग काय, त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. ग्राहकांचे अनुभव म्हणून आपण जे ऐकतो त्यात यांचा आवाज कधी येतो का? बिल भरणारा बोलतो. ज्याचं दूध होतं तो बोलत नाही.

समर्थक : हे ऐकून वाईट वाटलं, आणि तरी मला तुम्हाला अडवावं लागतंय. पैसे थकले तर महाग कंपनीही खातं थांबवते. ईमेल तिकडूनही त्याच पत्त्यावर गेले असते. मग ५०० रुपयांचा दोष कुठे?

साशंक : महागातल्या महाग परदेशी कंपनीशी मी तुलना करतच नाही. इचलकरंजीत किंवा सांगलीत बसलेला, महिन्याला अडीच हजार घेणारा होस्टिंगवाला असता, तर त्याने फोन केला असता. ‘अध्यक्षसाहेब, पैसे आले नाहीत.’ एवढ्या एका वाक्याने सगळं वाचलं असतं. कमी दराच्या धंद्यात ते वाक्य बसत नाही. दरमहा ५०० रुपये देणाऱ्या ग्राहकाला एकदा नीट फोन करायचा तर त्या महिन्याचा नफा गेला. म्हणून तिथे निर्णय यंत्र घेतं. २०१९ मध्ये डिजिटलओशनवर हेच झालं. दोन जणांच्या एका कंपनीने कामासाठी तात्पुरते काही सर्व्हर भराभर सुरू केले, तपासणीच्या यंत्रणेला तो गैरवापर वाटला आणि खातं बंद झालं. एकदा उघडून दिलं, पुन्हा बंद झालं. समाजमाध्यमांवर बोभाटा झाला तेव्हा माणसांनी लक्ष घातलं, आणि आपली चूक कशी झाली हे कंपनीने पुढे जाहीरपणे लिहिलं. ते लिहिलं हे चांगलंच केलं. पण ज्याचा आवाज तिथवर पोचत नाही त्याने काय करायचं?

समर्थक : तुमच्या त्या फोन करणाऱ्या माणसाबद्दल बोलू या, कारण मी त्याच्याकडूनच पळून आलोय. ग्रंथालयाचं पहिलं संकेतस्थळ आमच्याकडच्या एका ओळखीच्या गृहस्थांकडे होतं. फोन करायचे, चहाला यायचे, सगळं घरच्यासारखं. तिसऱ्या वर्षी दर दुप्पट झाला. आम्ही दुसरीकडे जायचं ठरवलं तेव्हा कळलं की ग्रंथालयाच्या नावाचं डोमेन त्यांनी स्वतःच्या नावावर घेतलंय. देईनात. आठ महिने विनवण्या केल्या, शेवटी नाव सोडून दिलं आणि नवं घेतलं. जुन्या पाट्यांवर, पावतीपुस्तकांवर अजून तेच जुनं नाव आहे. तुम्हाला हवा असलेला तो फोन करणारा माणूस आधार असतो, तसा अडसरही असतो. परदेशातल्या त्या कंपनीला माझं नाव-गाव ठाऊक नाही, हे खरं. पण मी उद्या निघतो म्हटलं तर ती मला अडवत नाही. पहिल्या तासापासून सगळ्या किल्ल्या माझ्या हातात असतात. छोट्या गावातल्या संस्थेला हे स्वातंत्र्य किती मोठं आहे, ते अडकल्यावाचून कळत नाही.

साशंक : हे मात्र मी धरलं नव्हतं. किल्ल्या हातात असणं ही खरी कमाई आहे, आणि ती महागात मिळत नाही, स्वस्तात मिळते, हे विचित्र असलं तरी खरं आहे.

तरी एक हिशेब राहतोच. ९९.९ टक्के अपटाइमची हमी म्हणजे महिन्याला ४३ मिनिटं बंद राहायची परवानगी. त्याहून जास्त बंद पडला तर भाड्यातला काही हिस्सा परत. समजा १० टक्के. ५०० रुपयांचे ५० रुपये. दूध संस्थेचं बिल निघायच्या दिवशी सर्व्हर सहा तास बंद पडला तर कंपनीच्या लेखी त्याची किंमत ५० रुपये. हमी त्यांच्या भाड्याची असते, आपल्या नुकसानीची नसते.

समर्थक : नुकसानीची हमी कुणीच देत नाही, दहापट भाडं घेणाराही नाही. तिथेही भाड्याचाच हिस्सा परत मिळतो. आणि मधला रस्ता तर कुणाच्याच हातात नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ तांबड्या समुद्रातल्या केबल तुटल्या, तेव्हा युरोपात सर्व्हर असलेल्या भारतीयांना हळू चालणं सोसावंच लागलं, मग दर कुठलाही असो. ज्याला ते नको त्याने मुंबईतला सर्व्हर घ्यावा, आता तोही फार महाग राहिलेला नाही.

साशंक : तो मुद्दा सोडतो. माझं म्हणणं आता एवढ्यावर येतं : ५०० रुपयांत यंत्र पूर्ण येतं. त्यात येत नाही तो एक माणूस, जो ईमेल वाचेल, २० बाइट बघून दचकेल, कार्डाची मुदत संपायच्या आधी सांगेल. त्या माणसाचं काम संपत नाही, फक्त बिलातून निघून ग्राहकाच्या घरी जातं. तुमच्याकडे ते तुम्ही करता, दूध संस्थेत त्या मुलाने केलं, तेही फुकट. फुकट करणारा गेला की काम उघडं पडतं. तेव्हा स्वस्त घ्या, पण त्या माणसाचे पैसेही धरा. महिना दोन हजार त्याचे, ५०० सर्व्हरचे. मग स्वस्त म्हणा.

समर्थक : मग सूची बंद होते. अडीच हजार रुपये महिना आमच्या कार्यकारिणीत कधीच मंजूर होणार नाहीत. तुमचा हिशेब दूध संस्थेला लागू आहे, तिथे रोज पैशांचा व्यवहार होतो, त्यातून हा खर्च निघू शकतो. जिथे माणसांचा पैसा किंवा औषधपाणी अडकलंय तिथे मी तुमच्या बाजूने उभा राहीन. पण प्रत्येक छोट्या कामावर हा भार टाकलात तर ती कामं उभीच राहणार नाहीत. गावच्या इतिहासाचे फोटो, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची यादी, एखाद्या बोलीतल्या शब्दांचा संग्रह, यांतलं पुष्कळसं आज कुणाच्या तरी फुकट मेहनतीवर आणि स्वस्त सर्व्हरवर टिकलंय. बुडण्याचा धोका पत्करून ती आहेत. धोका नको म्हटलं तर ती नसतीलच.

साशंक : रेघ कुठे ओढणार पण? सूचीत पैसा नाही म्हणून तुम्ही तिला हलक्या बाजूला टाकता. दुधाची नोंद आम्ही पावत्यांवरून तरी थोडीफार उभी केली. तीन उन्हाळ्यांची ती मेहनत कुठल्या पावतीवरून उभी करणार होता?

समर्थक : आता ते दोघं पुन्हा बसू शकणार नाहीत. एकाची दृष्टी गेली आहे.

साशंक : तुमच्या त्या दोन सर्व्हरांचे पासवर्ड कुणाकडे आहेत?

समर्थक : माझ्याकडे.

साशंक : आणि ईमेल कुणाच्या पत्त्यावर येतात?

समर्थक : माझ्याच. कार्डही माझंच आहे, पैसे मी वर्षाअखेरीला ग्रंथालयाकडून घेतो. तुम्ही विचारायच्या आधीही हे मला खुपत होतं. एका वहीत सगळं लिहून ती वही मी ग्रंथपाल बाईंकडे द्यायला गेलो होतो. त्यांनी घेतली नाही. म्हणाल्या, मला यातलं कळत नाही, आणि वही माझ्याकडे असताना काही गेलं तर विचारणा मला होईल. महिना सहा हजारांवर काम करतात त्या. मी वही परत घेऊन आलो. त्या चुकल्या असं मला म्हणता येत नाही.